एकशे दोनपैकी एकशे दोन

माझे सासरे दिवसेंदिवस बयताड होत चाललेत, ही बातमी घरात पहिल्यांदा माझ्या सासूनं दिली. आषाढी एकादशी नुकतीच झाली होती. मी भाकरी थापत होते आणि आत्याबाई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. दाराशी कोणी नाही हे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "करिष्मा, हर्षलच्या बाबाच्या डोक्यात फरक पडून राह्यला."

"काऊन, काय झालं?"

"काल म्हने, संभाजी महाराज शिवनेरीवर जन्मले. पुरंदरवर जन्मले हे चवथीतल्या पोट्ट्याले मालूम असते. मी सांगतलं तं मान हालवली, चहा पेला आन चालले गेले."

मी हसून सोडून दिलं. पासष्टीच्या माणसाची एखादी गोष्ट इकडची तिकडे व्हायचीच. पण दुसऱ्या दिवशी मामाजी म्हणाले, अहिल्याबाई होळकर म्हणजे इंदूरची लेक. आत्याबाई म्हणाल्या, लेक चौंडीची, इंदूर सासर. तिसऱ्या दिवशी मामाजींनी तुकडोजी महाराजांचा जन्म मोझरीत लावला, आत्याबाईंनी तो यावलीला नेऊन ठेवला. पोळ्याच्या सुमारास तर हद्द झाली. ज्या माणसाचा उभा जन्म बैलांच्या मागे गेला, तो चहाची बशी तोंडाला लावून म्हणतो, "बैलाचे खांदे शेकतेत थे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नाही?"

आत्याबाईंच्या हातातलं उलथणं तिथंच थांबलं. "आदल्या दिवशी," त्या कशाबशा म्हणाल्या. "खांदशेकणी आदल्या दिवशी असते." मामाजी बाहेर पडल्यावर त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

त्या दिवसापासून घरात बदाम सुरू झाले. रात्री पाच भिजवायचे, सकाळी सोलून मामाजींपुढे ठेवायचे. डोक्याला ब्राह्मीचं तेल आलं. मामाजींनी दोन्ही गोष्टी मुकाट्यानं घेतल्या. बदाम कशासाठी, हे एकदाही विचारलं नाही. तेवढी अक्कल त्यांच्याकडे शाबूत होती. माझा नवरा हर्षल रोज गावातली मिरची आणि भाजी पिकअपमध्ये भरून मलकापूरला नेतो. आत्याबाई त्याच्या मागे लागल्या, की एक दिवस गाडी उलट्या बाजूनं काढ आणि बाबाला बुलढाण्याच्या डॉक्टरला दाखव. हर्षल म्हणाला, "मले तं बाबा ठीकच दिसून राह्यले." आत्याबाई म्हणाल्या, मुलग्यांना काही दिसत नसतं.

आता आत्याबाईंविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझी सासू झुंबरबाई चौथी शिकलेली. पण किराण्याचा पुडा सोडला की त्याचा कागद दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय टाकणार नाही. श्रावणात पोथीला बसली की वाचणारा चुकतो आणि ही खालून दुरुस्त करते. हर्षल शाळेत असताना ती त्याचा इतिहास पाठ करून घ्यायची. त्याला काही पाठ झालं नाही, तिला सगळं झालं. अशी ही बाई. आणि हिला एकेचाळीस वर्षांत एक शब्द उच्चारता आलेला नव्हता, तो म्हणजे नवऱ्याचं नाव.

सासऱ्यांचं नाव मालोजीराव. सुनेनंसुद्धा ते घ्यायचं नसतं, पण लिहायला हरकत नाही असा नियम मी माझ्यापुरता करून घेतलाय. आत्याबाईंकडे असली सवलत नाही. मागे गॅसच्या ऑफिसात पोरानं विचारलं, आजी, पतीचं नाव? आत्याबाईंनी पिशवीतून वीजबिल काढलं, त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "हे. वाचून घे बापा." मी शेजारी उभी. मला हसू आवरेना, त्यांना काही वावगं वाटलं नाही.

तर दिवाळी आठवड्यावर आली असताना मी दळण घेऊन चक्कीवर गेले. आमच्या धामणगाव बढ्यात चक्कीला लागून वाचनालय आहे. वाचनालयाच्या ओट्यावर सकाळी पुरुषांची बैठक असते, म्हणून आम्ही बायका तिथून जाताना जरा भरभर जातो. त्या दिवशी चक्कीचा पट्टा तुटला आणि मला थांबावं लागलं. थांबले म्हणून भिंतीवरचा फळा वाचला. वर खडूनं लिहिलं होतं, 'आजचा प्रश्न: कोजागिरी पौर्णिमा कोणत्या महिन्यात येते?'

मी फळ्याकडे बघतच राहिले. तासाभरापूर्वी आमच्या ओसरीवर बदाम चावत मामाजी म्हणाले होते, "कोजागिरी म्हंजे कार्तिकातली पुनव." आणि आत्याबाई म्हणाल्या होत्या, "आश्विनातली. आताच तं झाली, दूध पेल्ले ना तुमी."

फळ्याखाली कागद चिकटवला होता. 'चातुर्मास प्रश्नमंजूषा. आजवर विचारलेले प्रश्न एकशे दोन. पहिला क्रमांक: श्री. मालोजीराव, गुण एकशे दोन.'

मी जरा तापट आहे. माहेरच्या बीबी गावाहून पाठवणी करतानाच माझ्या काकानं इकडच्या मंडळींना हे सांगून ठेवलं होतं, म्हणजे नंतर तक्रार नको. मी दळण चक्कीवर टाकलं आणि तशीच घरी आले. आत्याबाई वांगी निवडत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, बदाम बंद करा. मामाजी बयताड नाही झाले. तुमाले बयताड करून राह्यले."

सगळी गोष्ट मी त्यांना उलगडून सांगितली. निवृत्त हेडमास्तर भगवंतराव सर आषाढीपासून रोज सकाळी सात वाजता फळ्यावर एक प्रश्न लिहितात. कधी इतिहासातलं माणूस, कधी सणवार. नऊ वाजेपर्यंत ज्यानं त्यानं चिठ्ठीवर उत्तर लिहून डब्यात टाकायचं. मामाजी सातला तिथं जातात, प्रश्न वाचतात, घरी चहाला येतात. सरळ विचारलं तर बायकोपुढे मान खाली घालावी लागेल, म्हणून मुद्दाम चुकीचं उत्तर सांगतात. आत्याबाईंना चुकीचं ऐकवत नाही. त्या बरोबर सांगतात. मामाजी मान हलवतात, चहा संपवतात आणि जाऊन चिठ्ठी टाकतात.

आत्याबाई ऐकत होत्या. मला वाटलं, आता भडकतील. त्या हसायलाच लागल्या. हसता हसता वांग्याची टोपली कलंडली, तरी थांबेनात. "म्हंजे डोकं ठीक हाय त्याहिचं," त्या म्हणाल्या. "मी तं गजानन महाराजाले बोलून बसलो होतो, हे बरे झाले का पायी शेगावले येईन म्हनून."

मग हळूहळू हसू ओसरलं. "एकशे दोन?" त्यांनी विचारलं.

"एकशे दोन."

"एकही चुकलं नाही माहं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "जो जिंकते त्याचं नाव भितीवर लिहितेत ना थे? ऑइलपेंटनं?"

लिहितात. वाचनालयाच्या भिंतीवर मागच्या चार वर्षांची चार नावं आहेत, चारही 'श्री.'नं सुरू होणारी. येणारे-जाणारे वर्षभर ती वाचतात. आत्याबाई म्हणाल्या, "करिष्मा, माहं नाव आजपर्यंत फक्त राशन कार्डावर लिहिलं गेलं. तिथं बी चुकलेलं. मले थ्या भितीवर माहं नाव पाह्यजे. एक डाव. मंग काही नाही पाह्यजे."

आता भगवंतराव सरांची एक चांगली पद्धत आहे. मागून आलेल्यांनाही वाव हवा म्हणून ते अंतिम फेरी दोघांत घेतात. एक, सगळ्या चातुर्मासात पहिला आलेला. दुसरा, शेवटच्या पंधरवड्यात पहिला आलेला. पंधरवडा दुसऱ्याच दिवशी सुरू होत होता.

ते पंधरा दिवस माझ्या सासरच्या आयुष्यातले सर्वांत मजेचे दिवस होते. बदाम मी चालूच ठेवले, संशय यायला नको म्हणून. मामाजी चहाला बसायचे आणि म्हणायचे, "भाऊबीजेले बलिप्रतिपदा बी म्हनतेत." आत्याबाई वळूनही न पाहता म्हणायच्या, "हो, म्हनतेत ना." मामाजी गोंधळायचे. हे त्यांच्या हिशोबात नव्हतं. जरा थांबून पुन्हा खडा टाकायचे, "बलिप्रतिपदाच ना?" "अजी, तुमाले मालूम नाही तं कोनाले मालूम असन?" आत्याबाई म्हणायच्या. मामाजी छाती काढून जायचे. ते वळणावरून दिसेनासे झाले की मी 'यमद्वितीया' लिहिलेली आत्याबाईंची चिठ्ठी घेऊन मागच्या गल्लीनं डब्याकडे पळायचे. एके दिवशी मामाजींनी बाजीप्रभूंना सिंहगडावर लढवलं. आत्याबाई म्हणाल्या, "सिंहगडावरच." मला पदराचा बोळा तोंडात कोंबून परसात जावं लागलं.

पंधरा दिवसांत मामाजींना शून्य मिळालं. ओट्यावर चर्चा सुरू झाली, की मालोजीरावांना कोणाची तरी नजर लागली. सोळाव्या दिवशी फळ्यावर अंतिम फेरीची नावं आली. मामाजी वाचून घरी आले, हात धुऊन जेवायला बसले आणि अर्धी भाकरी संपवली. मग म्हणाले, "गावात तुह्या नावाची अजून एखादी बाई हाय का?"

"असन," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात वरण वाढलं.

फेरी कार्तिकी बारशीला दुपारी चारला, मारुतीच्या देवळाच्या मंडपात होती. अर्धा गाव आला. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मध्ये दोन खुर्च्या समोरासमोर, प्रत्येकीपुढे एक टेबल आणि एक माइक. मामाजी मारुतीकडे पाठ करून बसले, डोक्यावर नवी टोपी. आत्याबाई त्यांच्यासमोर. हिरवं इरकल नेसलेल्या, पाय जमिनीला पुरत नव्हते म्हणून मी त्यांच्या पायांखाली पाट सरकवला. पेंटर कारभारी शिडी आणि रंगाचा डबा घेऊन पायरीवर तयार बसला होता. त्यानं वेळ वाचावा म्हणून भिंतीवर आधीच 'श्री.' काढून ठेवलंय, असं मला शेजारच्या जयमालानं सांगितलं. माझं डोकं तिथूनच तापायला लागलं.

भगवंतराव सरांनी शाळेची पितळी घंटा टेबलावर ठेवली आणि नियम सांगितले. उत्तर स्पर्धकानं स्वतःच्या तोंडानं, नाव घेऊन द्यायचं. वेळ अर्धा मिनिट. पहिले आठ प्रश्न आळीपाळीनं, नववा जो आधी टेबलावर हात मारेल त्याचा. चुकला तर समोरच्याचा. त्यालाही नाही आला तर पुन्हा पहिल्याला एक संधी.

पहिले आठ प्रश्न चातुर्मासातले जुनेच होते. आत्याबाईंनी चार बरोबर दिले, यात नवल नाही. पण मामाजींनीही चार बरोबर दिले. एकशे दोन दिवसांची शिकवणी अगदीच वाया गेली नव्हती. शिकवणारी समोर बसून प्रत्येक उत्तराला नकळत मान डोलवत होती. चार-चार गुण झाले.

सरांनी डब्यात हात घालून शेवटची चिठ्ठी काढली. स्वतःशी वाचली. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग मोठ्यानं वाचली, "राजमाता जिजाऊंच्या सासऱ्यांचं नाव काय?"

मामाजींचा हात टेबलावर आदळला तेव्हा प्रश्न पुरता संपलाही नव्हता. "लखुजीराव जाधव," ते म्हणाले. पुरुषांच्या बाजूनं टाळ्या पडल्या.

यात मी त्यांना फार दोष देत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जिजाऊ म्हटलं की प्रत्येकाच्या तोंडून आधी सिंदखेडराजा निघतं आणि मग लखुजीराव. आम्ही माहेरची माणसं. लेकीचं सासर कुठलं, सासरा कोण, याच्याशी आमचं काही देणंघेणं नाही.

"ते वडील," सर म्हणाले. "मी सासरे विचारले. उत्तर चूक. झुंबरबाई, आता तुम्ही. अर्धा मिनिट."

आत्याबाईंनी तोंड उघडलं. आणि तसंच उघडं राहिलं.

मला अजून कळलं नव्हतं. मला वाटलं, आठवत नाही की काय. मग त्यांनी समोर पाहिलं, समोर नवी टोपी घालून माझे सासरे बसले होते, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिवरायांचे आजोबा. शहाजीराजांचे वडील. मालोजीराजे.

"बाई, येतं ना उत्तर?" सरांनी विचारलं.

"येते."

"मग सांगा."

"हर्षलचे बाबा," आत्याबाई म्हणाल्या.

मंडप हसला. सर अजिबात हसले नाहीत. "जिजाऊंचे सासरे हर्षलचे बाबा?"

"तसं नाही. म्हंजे थे काय, समोर बसले." त्यांनी बोट दाखवलं. मामाजींनी मागे वळून पाहिलं. मागे मारुती होता.

"बोट चालत नाही, नाव घ्यावं लागेल," सर म्हणाले. "पंधरा सेकंद."

एव्हाना बायकांच्या बाजूला सगळ्यांना कळलं होतं. एकजात सगळ्या तोंडाला पदर लावून हलत होत्या. पुरुषांपैकी एकालाही पत्ता नव्हता. कोणीतरी म्हणालं, बाईला बरं वाटत नाही, पाणी द्या. मी उठून उभी राहिले आणि ओठांनीच म्हटलं, उखाणा. आत्याबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी डोळे मिटले, माइक जवळ ओढला आणि लाजून, पण ठसक्यात सुरू केलं, "वांग्याच्या वावरात, मिरचीची ओळ..."

"बाई, प्रश्न इतिहासाचा आहे," सर म्हणाले आणि त्यांनी घंटा वाजवली. "वेळ संपली."

मी रडायच्या बेतात होते. सरांचा राग आला, जिजाऊंच्या सासऱ्यांचा आला, या असल्या रीतिरिवाजांचा आला. आत्याबाई पाटावर पाय जुळवून बसल्या होत्या. भिंतीवरचं नाव गेलं, हे त्यांना कळलं होतं.

"नियमाप्रमाणे पुन्हा मालोजीरावांना संधी," सर म्हणाले.

मामाजींनी डोळे मिटले होते. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक सुरकुती उलगडत गेली आणि ते हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलवून. "लिहा सर," ते म्हणाले. "मालोजी. माहंच नाव."

सरांनी घंटा वाजवली. "मालोजीराजे भोसले. उत्तर बरोबर." पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. कारभारीनं डब्याचं झाकण उघडलं. सर म्हणाले, "पण मालोजीराव, आठवलं कसं?"

मामाजी इतके खुशीत होते की आपण काय बोलतोय याचं त्यांना भान राहिलं नाही. "हा उखाणा मी ऐकेल हाय ना," ते माइकमध्ये म्हणाले. "एकेचाळीस वर्षांमागं, लग्नात. बाया नाव घे, नाव घे म्हनून मागं लागल्या होत्या, आन हे तवाही अशीच अडून बसली होती. 'वांग्याच्या वावरात मिरचीची ओळ, मालोजीरावाचं नाव घेतो, आता पुरे करा घोळ.' त्याच्यानंतर पुन्हा नाही घेतलं. आता तिनं उखाणा सुरू केला, म्हंजे उत्तर मीच असन, दुसरं कोन?"

मंडपात हशा उसळला. सगळे हसत होते, बायकासुद्धा, मीसुद्धा. एकट्या आत्याबाई हसत नव्हत्या. त्यांनी पाट पायानं बाजूला सारला आणि त्या उभ्या राहिल्या.

"मालोजीराव," त्या म्हणाल्या.

हसू असं थांबलं की माइकची घरघर ऐकू यायला लागली. माझ्या शेजारी जयमालानं माझा दंड घट्ट धरला. मामाजींच्या तोंडावरचं हसू जिथल्या तिथं राहिलं.

"मालोजीराव," आत्याबाई पुन्हा म्हणाल्या, जणू चव घेऊन पाहत होत्या. "उखाना माहा. उत्तर माहं. आन नाव भितीवर तुमचं?"

सर गडबडले. "झुंबरबाई, हेच नाव तुम्ही मघाशी घेतलं असतं तर जिंकला असता. मग तेव्हा का नाही घेतलं?"

"तवा तुमाले पाह्यजे होतं," आत्याबाई म्हणाल्या. "आता मले पाह्यजे." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मालोजीराव, आता मी इचारतो, तुमी सांगा. संभाजी महाराज पुरंदरवर जन्मले, हे तुमाले कोनं सांगतलं?"

मामाजींनी टोपी सारखी केली.

"खांदशेकणी पोळ्याच्या आदल्या दिवशी, हे कोनं सांगतलं? चौंडी कोनं सांगतलं? यावली? आन बदाम खाऊन खाऊन माह्याच पुढं बयताड कोन झालं?"

"तू सांगतलं," मामाजी म्हणाले. आवाज इतका बारीक, की मागच्या लोकांनी काय, काय म्हणून विचारलं. मामाजींनी माइक जवळ घेतला. "मी नाही. तिनं सांगतलं. सगळे."

मला वाटलं, झालं, इथं संपलं. पण भगवंतराव सर बत्तीस वर्षं हेडमास्तर होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ वर केलं. "तिनं म्हणजे कोणी? उत्तर नाव घेऊन द्यायचं, मालोजीराव. अर्धा मिनिट."

आता खरी मजा सुरू झाली. हा नियम बायकांपुरताच आहे असं मला वाटत आलं होतं. पण मामाजींच्या तोंडून मी लग्न होऊन आल्यापासून 'अवं'शिवाय दुसरी हाक ऐकलेली नव्हती. त्यांनी हर्षलकडे पाहिलं. हर्षल मंडपाच्या छताकडे बघायला लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घातली.

"हर्षलची माय," ते म्हणाले.

सरांनी मान हलवली. मामाजींनी बोट दाखवलं. "बोट चालत नाही," आख्खा मंडप एका सुरात म्हणाला. बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. कोणीतरी सेकंद मोजायला लागलं आणि मग सगळेच मोजायला लागले. पंधरा, चौदा, तेरा. मामाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी सासऱ्यांना घाबरलेलं पाहिलं होतं, चिडलेलं पाहिलं होतं, लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

सात म्हणताना ते उठले. टोपी काढून टेबलावर ठेवली. आत्याबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या होत्या.

"झुंबर," मामाजी म्हणाले.

मग कोणी न विचारता, सावकाश, पुन्हा म्हणाले, "झुंबरनं सांगतलं. एकशे दोनच्या एकशे दोन."

भगवंतराव सरांनी घंटा वाजवली. "बरोबर," ते म्हणाले. कारभारी शिडी उचलून भिंतीकडे निघालाही होता, आधी तो 'श्री.' खरवडायला.